बेरीचे ब्लॅक पुडिंग

डुकराचे रक्त अंगाबाहेर आले की काही मिनिटांतच गोठू लागते. ते पातळ ठेवायचे तर ताक घुसळावे तसे सारखे ढवळत राहावे लागते. त्यातले फायब्रिनचे तंतू काठीला गुंडाळले जातात आणि भांड्यात गोठणार नाही असा द्रव उरतो. पण गोठणे टळले म्हणून नासणे टळत नाही. रक्तात सुमारे ८० टक्के पाणी आणि १७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने, म्हणजे जंतूंना मांडून ठेवलेले ताटच. म्हणून जनावर कापले की मांसाच्याही आधी रक्ताची सोय पाहावी लागते. मांसाला मीठ चोळून ते महिनोन्महिने थोपवता येते, रक्त मात्र त्याच दिवशी मार्गी लावावे लागते. त्यात धान्य, चरबी, कांदा आणि मीठ कालवायचे, मिश्रण धुतलेल्या आतड्यात भरायचे आणि गरम पाण्यात शिजवायचे, हा त्यावरचा जुना तोडगा. डुक्कर पाळणाऱ्या अनेक मुलखांत तो माणसांना आपापला सुचला. इंग्लंडमध्ये त्याला ब्लॅक पुडिंग म्हणतात. नाव ऐकून कोणी गोडाची वाटी पुढे करू नये. पुडिंग हा शब्द इंग्रजीत आधी आतड्यात भरलेल्या पदार्थाचा होता, गोडाचा तो फार नंतर झाला.

ब्लॅक पुडिंगची राजधानी म्हणून ज्या गावाचे नाव घेतले जाते ते मँचेस्टरच्या उत्तरेला ट्रामने अर्ध्या तासावर आहे. स्पेलिंगवर विसंबणारा मराठी माणूस त्या गावाला ‘बरी’ म्हणून मोकळा होईल, पण रूढ उच्चार ‘बेरी’ आहे. लोणी कढवून तूप काढल्यावर भांड्याच्या तळाशी जो खमंग तपकिरी साका उरतो त्यालाही आपण बेरीच म्हणतो, आणि ती टाकून न देता साखर घालून खातो. हा निव्वळ योगायोग. पण रक्त टाकून न देणाऱ्या गावाला याहून चपखल नाव मराठीला सुचले नसते.

बेरीला निघण्यापूर्वी मँचेस्टर शहरातली एक जागा पाहण्यासारखी आहे. कॅथीड्रलजवळ शॅम्बल्स स्क्वेअर नावाचा चौक आहे आणि त्यात ओल्ड वेलिंग्टन हे लाकडी चौकटीचे, १५५२ सालचे घर उभे आहे. आता तिथे पब आहे. शॅम्बल्स म्हणजे खाटकांची आळी. ज्या फळ्यांवर मांस मांडून विकत त्यांच्यावरून हा शब्द आला, आणि आजच्या इंग्रजीत तो नुसता ‘बजबजपुरी’ या अर्थाने उरला आहे. हे घर मूळ जागी नाही. १५ जून १९९६ रोजी आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने शहराच्या मध्यभागी बॉम्बस्फोट केला. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत ते सुटे करून १९९९ मध्ये कॅथीड्रलच्या बाजूला पुन्हा जोडण्यात आले. खाटकांची आळी गेली आणि तिचे नाव तेवढे जागा बदलून राहिले.

शहरातले मांस कोणाच्या वाट्याला कसे येई याचे सर्वांत तिखट वर्णन फ्रीडरिश एंगेल्सने केले. वडिलांच्या भागीदारीतल्या कापूस गिरणीत काम शिकायला तो १८४२ मध्ये मँचेस्टरला आला, आणि इंग्लंडमधल्या कामगारवर्गाच्या स्थितीवरचे त्याचे पुस्तक १८४५ मध्ये निघाले. त्याने मांडलेले गणित साधे होते. मजुरी शनिवारी संध्याकाळी हातात पडे. बाजारातला चांगला माल सकाळीच पैसेवाल्यांनी उचललेला असे. रविवारी दुकाने बंद. त्यामुळे शनिवारी रात्री उशिरा, सोमवारपर्यंत टिकणार नाही असे मांस पडेल भावाने विकले जाई, आणि ते मजुरांच्या घरी जाई. ब्लॅक पुडिंगचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा. धुरकट गल्लीतल्या माणसाला ताजे मांस परवडत नव्हते, आणि परवडले तरी ते ताजे नसे. त्याच पैशात शिजवलेले, मीठमसाला घातलेले, धान्याने पोट भरणारे आणि आणखी चार दिवस टिकणारे असे काही मिळत असेल तर त्याचे महत्त्व जिभेच्या चोचल्यापेक्षा बरेच मोठे होते.

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकातून बेरीला जाणारी मेट्रोलिंकची ट्राम ६ एप्रिल १९९२ रोजी सुरू झाली. शहरातल्या आधुनिक ट्रामसेवेचा हा पहिला टप्पा. त्यापूर्वी या मार्गावर आगगाडी धावत असे. वाटेत क्रम्पसॉल, हीटन पार्क आणि प्रेस्टविच हे थांबे लागतात. प्रेस्टविच आणि शेजारचा ब्रॉटन हा ज्यू वस्तीचा भाग आहे. लंडन सोडले तर ब्रिटनमधला सर्वांत मोठा ज्यू समाज ग्रेटर मँचेस्टरमध्ये राहतो. त्यांच्या धर्मशास्त्राला रक्त पूर्ण निषिद्ध. मांस आधी अर्धा तास पाण्यात भिजवायचे, मग जाड मिठात तासभर ठेवून रक्त ओढून घ्यायचे, मग पुन्हा पुन्हा धुवायचे, अशी त्यांची रीत आहे. आपल्याकडे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजानेही रक्ताचा हा निषेध शतकानुशतके पाळला. मटणात दुधाचा अंश नको म्हणून ते नारळाचे दूध घालतात, ही त्याच शास्त्राची अलिबागकडची शाखा. थोडक्यात, या एकाच ट्रामच्या वाटेवर मधल्या थांब्याला मीठ मांसातले रक्त बाहेर काढते, आणि शेवटच्या थांब्याला तेच मीठ रक्तात घालून रक्त विकले जाते.

निषेध ज्यूंपुरताच नव्हता. बायबलच्या जुन्या करारातली रक्ताची बंदी ख्रिस्ती माणसाला लागू आहे की नाही, हा वाद इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात चांगला पेटला होता. १६५२ मध्ये लंडनमध्ये एक पुस्तिका निघाली, तिचे नावच मुळी ‘ब्लॅक पुडिंगवरचा खटला’ अशा अर्थाचे होते. रक्त खाणे शास्त्रविरुद्ध आहे असे तिने बजावले. खटल्याचा निकाल अर्थातच खाणाऱ्यांनी लावला.

बेरीला उतरल्यावर दोन माणसांची नावे चुकवता येत नाहीत. गावाच्या मध्यभागी रॉबर्ट पील यांचा पुतळा आहे. लंडनचे पोलीस दल उभे करणारे आणि पुढे पंतप्रधान झालेले पील १७८८ मध्ये इथे जन्मले. त्यांचे घराणे छापील कापडाच्या धंद्यात श्रीमंत झाले होते. दुसरा जॉन के, गावाबाहेरच्या वॉल्मर्सलीचा. त्याने १७३३ मध्ये धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. धोटा हाताने या कडेकडून त्या कडेला फेकावा लागत होता तोवर विणकराच्या हातांच्या आवाक्याइतकेच कापड रुंद होई. दोरी ओढताच धोटा आपला आपण धावू लागला आणि मागाचा वेग पार बदलला. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याची पद्धत पडली त्या साखळीतली ही अगदी आधीची कडी.

कापडगिरणी आणि पुडिंग यांचा संबंध उगाच जोडलेला नाही. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने मागावर काम करीत. घरी चुलीपाशी कोणी नसे, तेव्हा शिजवलेले अन्न विकत घेणे भाग होते, आणि ब्लॅक पुडिंग, शिजवलेले पोटाचे मांस, गाईचे पाय असे पदार्थ विकणारी दुकाने गल्लोगल्ली उघडली. मुंबईच्या गिरणगावात चित्र नेमके उलटे होते. तिथे गावाकडून आलेला एकटा पुरुष गिरणीत जाई, आणि त्याचा डबा चाळीतल्या खानावळवाल्या बाईच्या हातचा असे. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. दोन्हीकडे गिरणीच्या भोंग्याने स्वयंपाक घराबाहेर ढकलला, फक्त इथे पदार्थ दुकानात गेला आणि तिथे खोलीत.

बेरीचा बाजार पंधराव्या शतकापासून भरतो. बुधवार, शुक्रवार आणि शनिवार हे त्याचे भर वार आणि तेव्हा आसपासच्या गावांतून बस भरून माणसे येतात. मासे आणि मांस यांची स्वतंत्र छपरी मंडई आहे, बाकीचा बाजार कापडापासून बॅटरीपर्यंत सगळे विकतो. एकूण रंग आपल्या आठवडी बाजाराचा, फक्त आरडाओरडा कमी. या गावात ब्लॅक पुडिंग प्रथम विकले गेले ते १८१० मध्ये युनियन स्ट्रीटवरच्या एका दुकानात, असे इथले लोक सांगतात. आज बाजारातला सर्वांत जुना म्हणून मान असलेला चॅडविक यांचा ठेला १८६५ हे आपले साल अभिमानाने मिरवतो.

मिश्रणाचे घटक थोडे, पण प्रत्येकाला काम आहे. रक्त बांधणी करते. सत्तर अंशांच्या आगेमागे त्यातली प्रथिने घट्ट होतात आणि सगळे एकजीव होते. जव आणि ओट पाणी शोषून घेतात, म्हणून कापल्यावर पुडिंग ओले सुटत नाही. डुकराच्या पाठीवरची चरबी बारीक चौकोनी तुकड्यांत घालतात. बेरीच्या पुडिंगमध्ये हे पांढरे तुकडे काळ्या पृष्ठावर स्पष्ट दिसावेत अशी अपेक्षा असते, संगमरवरी फरशीसारखे. मग कांदा, मिरी, मीठ आणि पेनीरॉयल ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. ती थोडी कडवट आणि नाकात जाणारी असते, आणि उत्तर इंग्लंडच्या पुडिंगची ओळख तिच्यावरून पटते. आतड्यात भरून दोन्ही टोके एकत्र बांधली की नालाचा आकार येतो. शिजवताना पाणी खळखळू द्यायचे नसते, उकळी फुटली की आतडे फाटते आणि सारा माल पाण्यात जातो. लाल रक्त काळे होते ते शिजताना, त्यातल्या लोहयुक्त रंगद्रव्याचे रूप बदलल्यामुळे. त्यात कोणी रंग घालत नाही.

ताजे रक्त ढवळत बसणारा कारखानदार आता विरळाच. बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या रक्ताची भुकटी वापरतात आणि ती बरीचशी युरोपातून येते. भुकटी टिकते, तपासता येते, प्रत्येक घाण्याला सारखी उतरते. म्हणजे जे नाशवंत म्हणून पुडिंग जन्माला आले तेच आता पोत्यातून, टिकाऊ होऊन कारखान्यात येते. जाणते खाणारे सांगतात की ताज्या रक्ताचे पुडिंग मऊ असते आणि भुकटीचे कोरडे. हा फरक कितपत खरा आणि कितपत आठवणींचा, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

बाजारात पुडिंग गरम पाण्यातून काढून तिथेच देतात. ठेल्यावरची बाई विचारते, “फॅट की लीन, लव्ह?” लव्ह हे इथे बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही म्हणते, आपल्या भाजीवालीच्या ‘दादा’ इतकेच त्याचे वजन. फॅट म्हणजे चरबीचे तुकडे जास्त, लीन म्हणजे कमी. पुडिंग मधोमध चिरून त्यावर मोहरीची चटणी किंवा माल्ट व्हिनेगर घालतात आणि ते उभ्या उभ्या खायचे. प्रस्तुत लेखकाने फॅट मागितले. पहिल्या घासाला रक्ताची चव येतच नाही. येते ती मिरी, मग भाजल्या धान्याचा भरडपणा, मग चरबीचा गुळगुळीतपणा. गिळून झाल्यावर जिभेच्या कडांना नाणे लावल्यासारखी लोखंडी चव मागे राहते, आणि मोहरी नेमकी तीच कापून काढते. ज्याने कोल्हापुरात रक्ती-मुंडी खाल्ली आहे त्याला हे काही नवखे नाही. रक्तीत बोकडाचे रक्त आधी गोठवून वड्यांसारखे कापतात आणि कांदा-मिरचीत परततात. तिथे मसाला रक्तावर चढाई करतो, इथे धान्य रक्ताला पोटात घेते. ज्याने रक्ती कधी खाल्ली नाही त्याने हा पदार्थ मोहरीशिवाय खाऊ नये, इतके सांगणे पुरे.

पुडिंगचे दूरचे पण अगदी सख्खे म्हणावेत असे भाऊ फिलिपिन्समध्ये आहेत. उत्तर लुझोनच्या कॉर्डिलेरा डोंगरांत राहणाऱ्या आदिवासी जमातींना एकत्रितपणे इगोरोट म्हणतात. कान्कानाय, बोन्तोक, इबालोय, इफुगाओ या त्यातल्या काही. डुक्कर कापल्यावर ते रक्त, बारीक चिरलेली आतडी, मीठ आणि लसूण आतड्यात भरून पिनुनेग करतात. जव नाही, काही घरी तांदूळ घालतात. बाकी कृती बेरीच्या माणसाला सांगावीही लागू नये. मांसाचे जे होते त्याला एटाग म्हणतात. सगादा हे मौंटन प्रॉव्हिन्समधले गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. डुकराच्या मांसाच्या जाड पट्ट्यांना भरपूर मीठ चोळतात, उन्हात वाळवतात, चुलीवरच्या धुरात टांगतात, आणि जुन्या पद्धतीत मातीच्या रांजणात मुरवतात. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, ऊन उरलेले सुकवते, धुरातली फिनॉल संयुगे जंतूंना अडवतात, आणि चरबी हळूहळू खवट होत जाऊन वास तयार होतो. त्या वासाची तुलना खाणारे जुन्या चीझशी करतात. बेंगेट भागात याच जातीच्या धुरावलेल्या मांसाला किनिइंग म्हणतात.

एटाग भाजून ताटभर खाण्यासाठी क्वचितच असते. ते इतके खारट असते की त्याचा तुकडा मीठ आणि मसाला म्हणून पातेल्यात पडतो. पिनिकपिकान या कोंबडीच्या रश्शात तो हवाच. या पदार्थात कोंबडीला कापण्याआधी काठीने हलके हलके मारतात, म्हणजे रक्त कातडीखाली साकळते. मग ती आगीवर भाजून पिसे काढतात. प्राणिप्रेमी त्यावर चिडतात ते समजण्यासारखे आहे. पण एटागची आणि पिनिकपिकानची जागा जेवणापेक्षा विधीत मोठी आहे: लग्न, आजारपण, मृत्यू, शेतीचा हंगाम. जो तुकडा रांजणात वर्ष काढतो तो घरात अडीनडीला जनावर कापायची ऐपत नसलेल्यांची ठेव असतो. आपल्याकडे लोणच्याची बरणी हे काम करते, मांसाच्या बाबतीत बरणीचा विचार आपल्याला सहसा सुचत नाही.

सहसा म्हणण्याचे कारण असे की तो महाराष्ट्रातही सुचलेला आहे, फक्त सगळ्या घरांत नाही. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत गुरांच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालत. त्याला चान्या म्हणतात. कडक वाळलेली चानी निखाऱ्यावर भाजून तशीच चघळायची, नाहीतर डाळीत किंवा भाजीत घालून शिजवायची. उन्हाळ्यात एकदम जास्त मांस हाती आले की तेच पावसाळ्यात कामी यायचे. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या अन्नावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले. चान्यांची नोंद त्यात आदराने होते, आणि ते वाचल्याशिवाय मराठी खाद्यसंस्कृतीवर बोलणे म्हणजे एका आळीत फिरून गावाचा नकाशा काढणे होय. २०२४ मध्ये पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला.

या मांसामागे इतिहास आहे आणि तो सोयीचा नाही. मेलेले जनावर ओढणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. म्हणजे मजुरीऐवजी अन्न, आणि ते अन्न खाल्ले म्हणून हलका. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. तो चवीवरचा हल्ला नव्हता. ज्या व्यवहाराने माणूस बांधला जात होता तो तोडण्यासाठी होता. त्यानंतर अनेक घरांनी चान्या सोडल्या, अनेकांनी विकत आणलेल्या मांसाच्या करणे चालू ठेवले. २०१५ मध्ये महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) कायदा अमलात आला, गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि उरली ती म्हैस. दोरीवर वाळणारी पट्टी रस्त्यावरून दिसणार नाही अशी काळजी त्यापूर्वीही घेतली जाई, त्यानंतर जास्त.

गोव्यात हीच कृती डुकराच्या मांसाने आणि पोर्तुगीज वळणाने झाली. पोर्तुगीज १५१० मध्ये आले. त्यांच्या सॉसेजवर माडाच्या सुरेचा व्हिनेगर, सुकी लाल मिरची आणि लसूण यांचा लेप चढला, आणि चोरीस नावाचा हा सॉसेज उन्हात आणि धुरात टांगला जाऊ लागला. व्हिनेगरचे आम्ल आणि मिरचीचा तिखटपणा हे दोन पहारेकरी मिठाच्या जोडीला आले. गोव्याच्या सोरपोतेलमध्ये डुकराचे रक्त घालण्याची जुनी रीत आहे. बेरीच्या पुडिंगशी त्याचा संबंध दूरचा असला तरी रक्त फेकायचे नाही, या बाबतीत दोन्हींचे एकमत आहे.

लँकेशायरमधला पुडिंगचा सोबती म्हणजे ट्राइप, आपली वजडी. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटाचे मांस धुऊन, चुन्याच्या पाण्यातून काढून, पांढरे करून, उकडून ठेवतात आणि थंडच मीठ-व्हिनेगर लावून खातात. वजडी घासायला आपल्याकडेही चुना आणि कढत पाणी वापरतात, तेव्हा पहिल्या टप्प्यापर्यंत कृती एकच. पुढे मात्र वाटा फुटतात: वजडी मसाल्यात तासन्‌तास शिजते, आणि ट्राइप दुकानाच्या काचेमागे मधमाशीच्या पोळ्यासारखी पसरून गिऱ्हाइकाची वाट पाहते. १९२० मध्ये लँकेशायरच्या ट्राइप विकणाऱ्यांनी मिळून युनायटेड कॅटल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. मँचेस्टरच्या मार्केट स्ट्रीटवर तिचे मोठे उपाहारगृह होते आणि उत्तरेत शंभरावर शाखा. युद्धानंतर लोकांच्या हाती पैसा आला, चवी बदलल्या आणि ही दुकाने बंद होत गेली. आज ट्राइप शोधावी लागते.

ब्लॅक पुडिंगचे भाग्य वेगळे निघाले, कारण ते न्याहारीच्या ताटात शिरले. अंडी, बेकन, सॉसेज, टोमॅटो, भाजलेला पाव यांच्या जोडीला एक काळी चकती हा हॉटेलांचा नियम झाला. २०१६ च्या सुरुवातीला ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते ‘सुपरफूड’ ठरवले. लोह भरपूर, कर्बोदके कमी, अशी त्यामागची कारणे होती. गिरणीवाले जे पोट भरायला खात होते तेच आता व्यायामशाळेवाल्यांना गुणकारी म्हणून सापडले. मँचेस्टरच्या हॉटेलांत तळलेल्या पुडिंगवर शेळीचे चीझ आणि सफरचंद येते. मँचेस्टर एग हा प्रकारही २०१० मधला: लोणच्यातल्या अंड्याभोवती डुकराचा खिमा आणि पुडिंग लपेटून तळलेला गोळा.

रक्त खाण्याची लाज कोणाला वाटावी, हे कोण पाहत आहे त्यावर ठरत आले आहे. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जागतिक प्रदर्शन भरले. त्यात फिलिपिन्समधून आणलेली हजारावर माणसे वस्त्या वसवून प्रेक्षकांपुढे ठेवली होती. त्यात इगोरोटही होते. त्यांच्याकडे कुत्रा बळी देऊन खाणे हा प्रसंगोपात्त विधी. प्रदर्शनात तोच वारंवार करायला लावून तिकिटावर दाखवला गेला. तेव्हापासून ‘कुत्री खाणारे’ हे बिरुद त्यांच्यामागे लागले. आता सगादात पर्यटक एटागवर कधी पडणाऱ्या अळ्यांचे फोटो काढतात, आणि बेरीत तेच पर्यटक पुडिंगचे फोटो काढतात, अळ्या नसल्यामुळे थोडे कमी उत्साहाने.

ब्रिटनच्या रुग्णालयांत फिलिपिनो परिचारिका मोठ्या संख्येने काम करतात, मँचेस्टरमध्येही. सुट्टीवरून परतताना बॅगेत आंब्याची वडी येऊ शकते, एटाग येत नाही. युरोपाबाहेरून प्रवाशाने मांस आणण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे आणि एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून डुकराचे, गाईचे आणि मेंढीचे मांस आणण्यासही, लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीने. आपल्याकडची सुक्या मटणाची पिशवीही याच खात्यात पडते. त्यामुळे ज्याला मीठ-धुराची आठवण येते त्याने इथलेच डुकराचे पोट विकत घेऊन मीठ चोळावे, हा मार्ग उरतो. ऊन मात्र सगादाकडून उसने आणता येत नाही. मँचेस्टरच्या हवेत मांस वाळत नाही, भिजते.

बेरीच्या पुढे चारेक मैलांवर रॅम्सबॉटम हे गाव आहे. तिथे जायला वाफेच्या इंजिनाची ईस्ट लँकेशायर रेल्वे आहे, १९८७ पासून हौशी माणसांनी चालवलेली. डावीकडे होल्कम टेकडीवर पील यांच्या नावाचा बुरूज दिसतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी रॅम्सबॉटममध्ये ब्लॅक पुडिंग फेकण्याची जागतिक स्पर्धा होते. पुडिंग बायकांच्या पातळ पायमोज्यात गुंडाळलेले असते, म्हणजे फुटले तरी विखरत नाही. वीस फूट उंचीवरच्या मंचावर यॉर्कशायर पुडिंगांची रास असते आणि ती पाडायची असते. यॉर्कशायर पुडिंग हे आपल्या धिरड्यासारख्या पिठाचे, फुगलेले भाजलेले बशीच्या आकाराचे प्रकरण. तीन फेकी मिळतात, हात खालून वर न्यायचा. गावात सांगतात की पंधराव्या शतकातल्या गुलाबांच्या युद्धात स्टबिन्स पुलाजवळ दोन्ही बाजूंचा दारूगोळा संपला, तेव्हा लँकेशायरने पुडिंगे आणि यॉर्कशायरने आपली पिठाची पुडिंगे एकमेकांवर फेकली. त्याला कसलाही पुरावा नाही, आणि फेकण्याजोगे पुडिंग त्या काळी होते का हेही कोणी विचारत नाही. स्पर्धकांत परदेशी पाहुणेही असतात. रांग लागलेली असते, पैसे भरून नाव नोंदवायचे आणि पुडिंग हातात घ्यायचे. ते बेताचे जड असते, मूठभर ओल्या मातीइतके, आणि पायमोज्यातून थोडी चरबी बोटांना लागते.